पिवळ्या दगडावरच्या नऊ ओळी

माझ्या हातून उभ्या आयुष्यात एकही नवी इमारत झाली नाही. हे सांगितलं की लोक चमकतात. मिस्त्री म्हणवता आणि घर बांधलं नाही? नाही बांधलं. माझं स्वतःचं घरसुद्धा दुसऱ्याच गवंड्यानं बांधलं, आणि त्याच्या कामात मी इतक्या खोड्या काढल्या की तो जोत्यावरच काम सोडून निघाला होता. माझं काम पडक्याचं. शहराचे जुने दरवाजे, बारवा, हौद, मशिदी, देवळं, थडगी. जे कोसळायला आलंय ते आहे तसं उभं ठेवायचं, आणि आपला हात लागलाय हे कुणाला कळू द्यायचं नाही. काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. म्हणून आमच्या धंद्यात नाव होत नाही. माझं एकदाच झालं, पेपरात फोटोसकट, आणि तेच काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम निघालं. त्याबद्दलच लिहितो आहे.

मी मूळचा कन्नडकडचा. वडील विहिरी बांधायचे. दगडाची भाषा घरातच कानावर पडली, पण चुना मात्र मी इथं शहरात शिकलो, रफिकभाईच्या वडिलांकडून. त्यांना सगळे उस्तादच म्हणत. रफिकभाई आणि मी एकाच वयाचे, एकाच घाणीवर राबलेले. घाणी म्हणजे दगडी चाक फिरवायचा गोल चर. त्यात विझवलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी तासन्‌तास मळायची. त्यात बेलफळाचा गर जायचा, गुळाचं पाणी जायचं. उस्ताद बोटावर चुना घेऊन अंगठ्यानं चोळत आणि म्हणत, "अभी नै. अभी कच्चा है." त्यांनी "हौ" म्हटल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही.

पुरातत्त्व खात्यातून मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा मृदुला मॅडमचा फोन आला. या मॅडम वास्तुविशारद. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण जुन्या बांधकामाचं शास्त्र शिकून आलेल्या. म्हणाल्या, "काका, छावणीच्या बाजूला गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान आहे ना, तिथल्या एका पेटीच्या कबरीचं काम करायचंय. वरचा दगड कलला आहे, कधीही खाली येईल. मला चुन्याचा जाणकार माणूस पाहिजे. तुम्ही नुसतं उभं राहून दाखवलं तरी चालेल."

पेटीची कबर म्हणजे काय ते सांगतो, कारण भले भले लोक यात फसतात. जमिनीवर कमरेएवढी उंच दगडी पेटी असते. चार बाजूंना चार उभे दगड आणि वर झाकणासारखी जाड शिळा. बघणाऱ्याला वाटतं, माणूस त्या पेटीत ठेवलाय. तसं नसतं. माणूस खाली जमिनीत, सहा फूट खोल. वरची पेटी नुसती खूण. आत दगडगोटे आणि चुन्याचा भराव भरलेला असतो, बस. पण पेटी म्हटलं की लोकांच्या डोक्यात सोनं येतं. माझ्या नोकरीत तीन वेळा अशा कबरी पहारीनं उचकटलेल्या सापडल्या, आणि तिन्ही वेळा चोरांना दगडगोटेच मिळाले. आम्ही ते गोटे निमूटपणे परत आत भरले.

सकाळी मी गेलो. फाटक, आत कडुलिंबाची झाडं, वाळलेलं गवत, मधून मधून क्रॉस. फाटकाजवळच्या एका खोलीत राखणदारीण राहते. तिचं नाव रूथबाई. तिचे वडील इथले राखणदार होते, मग नवरा, आणि नवरा गेल्यावर ती. सत्तरीच्या पुढची, बारीक, पांढऱ्या केसांची. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं, "या," म्हणाली आणि आत निघून गेली.

कबर कोपऱ्यात होती. पेटी आपल्या काळ्या पाषाणाची, पण पुढच्या अंगाला मध्ये एक पिवळसर मऊ दगड बसवलेला. हा दगड इथला नाही, कुठून तरी लांबून आणलेला. काळ्या पाषाणावर बारीक अक्षरं कोरणं कठीण म्हणून लेख त्या पिवळ्या दगडावर कोरला होता. होता म्हणायचं, कारण मी पोचलो तेव्हा त्यावर एकही अक्षर शिल्लक नव्हतं. चिरोट्याचे पदर सुटावेत तसे दगडाचे पदर सुटले होते. खाली गवतात पिवळी भुकटी पडली होती.

मॅडम गुडघ्यावर बसून दगडाभोवतालच्या करड्या रेषा दाखवत होत्या. "हे बघा काका. कुणीतरी दरजा सिमेंटनं भरल्यात. सगळीकडे, पक्क्या. आतलं पाणी बाहेर पडायला जागाच ठेवली नाही. मग ते या मऊ दगडातून बाहेर पडलं आणि येताना क्षार घेऊन आलं. सगळा लेख खाल्ला. कुणी केलं असेल हे?"

दरज म्हणजे दोन दगडांमधली फट. ती चुन्यानं भरायची, कारण चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ओल कोंडून ठेवतं. हे मला मॅडमनी सांगायची गरज नव्हती. त्या दरजांची धार, त्यांच्यावरून थापीचं टोक ओढून काढलेली बारीक रेघ, हे मी लांबूनच ओळखलं होतं. ती रेघ माझीच. चाळीस वर्षं मी ती तशीच काढत आलो.

"जुनं काम आहे, मॅडम," मी म्हणालो. "आता कुणाला ठाऊक."

खोटं बोललो.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दिल्लीहून कुणी बडे पाहुणे येणार होते. छावणीतल्या जुन्या जागा बघणार होते. खात्यातल्या साहेबांनी मला बोलावलं. हातात पंधरा दिवस होते. चुन्यानं करायचं तर नुसता चुना विझवून मुरवायलाच तेवढे दिवस जातात. साहेब म्हणाले, "भानुदास, सिमेंट मार. पाहुणे बघून जाऊ देत, मग काय करायचं ते करू." उस्ताद तेव्हा थकले होते, पण घाणीवर येऊन बसायचे. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "भानू, सिमेंट नक्को लगा. पत्थर का दम घुटता." मी त्यांना म्हटलं, उस्ताद, चार दरजा तर आहेत. मनात मात्र वेगळंच होतं. साहेबांनी एवढ्या लोकांतून माझं नाव घेतलं होतं. मला ते काम पाहिजे होतं.

पंधरा दिवसांऐवजी बारा दिवसांत केलं. पाहुणे आले, साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. पेपरात फोटो आला. तो माझ्याकडे अजून आहे. कबरीसमोर साहेब, पाहुणे आणि मी ओळीनं उभे. लेखाचा दगड आमच्या पाठीमागे पूर्ण झाकला गेला आहे. त्या दगडाचा पुढे कुणी फोटो काढला असेल तर तो मॅडमना कुठं मिळाला नाही, म्हणजे बहुधा तेवढा एकच. त्यात अक्षरं नाहीत, आमची पोटं आहेत.

कामाला सुरुवात झाली. मजूर मॅडमचे होते, दगडाच्या कामाला मी रफिकभाईला बोलावलं. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. नावाच्या पाट्या, उद्‌घाटनाच्या कोनशिला, कबरीचे दगड, सगळं कोरतो. त्यानं दरजा बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि मॅडम लांब गेल्यावर हळूच म्हणाला, "अपनाच काम है ना ये?"

"माझं," मी म्हणालो. "तू तेव्हा खुलताबादेत होतास."

"बोल दे उनकू."

"बोलतो."

बोललो नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. मॅडम सिमेंटचे तुकडे पुड्यांत भरून, त्यावर नंबर घालून तपासायला पाठवत होत्या. जुन्या फायली मागवत होत्या. मी बाजूला उभा राहून सिमेंट किती हलक्या हातानं खरवडायचं ते मजुरांना दाखवत होतो. मुलानं घरी विचारलं, वाळूजहून शिफ्ट करून आला होता, "बाबा, या वयात काय खडे फोडायला जाता?" मी त्याला म्हटलं, काम चांगलं आहे. त्यालाही खरं सांगितलं नाही.

मॅडमचा दुसरा शोध लेखाचा होता. चर्चच्या जुन्या दफनवहीत त्यांना एक नोंद सापडली. हॅरिएट, पलटणीच्या डॉक्टरची बायको, वय एकोणीस, ताप. एवढंच. लेख बराच लांब असणार, कारण दगड मोठा होता, पण त्यात आणखी काय होतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

वरची शिळा उचलायचा दिवस आला. तिपाई उभी केली, चेनकप्पी लावली. भिंतीवर माणसं चढली. रिक्षावाले थांबले, कुणी मोबाइल वर धरला. एकानं मला विचारलं, "काका, निघालं तर सरकारला देणार का तुम्ही?" मी म्हटलं, "निघालं तर तुम्हालाच देतो, पण उचलून न्यायचं तुम्ही." शिळा इंच इंच वर आली, बाजूला लाकडी ओंडक्यांवर बसली. लोकांनी माना लांब करून बघितलं. आत गोटे आणि चुना. हळूहळू भिंत रिकामी झाली.

भराव काढताना तिसऱ्या दिवशी रफिकभाईनं हाक मारली. त्याच्या हातात त्याच पिवळ्या दगडाचा एक तुकडा होता, तळहाताएवढा. त्यावर अक्षरं होती. वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली, काही नुसतीच आखलेली. रफिकभाईला ते क्षणात कळलं. "सराव का पत्थर है," तो म्हणाला. "कोरनेवाले कू अंग्रेजी नै आती थी. पहले इसपे हात बिठाया, फिर भराव में फेक दिया. मैं बी ऐसाच करता."

मी तो तुकडा हातात घेतला. आपल्याकडचाच कुणी पाथरवट असणार. गोऱ्या साहेबानं कागदावर लिहून दिलेली अक्षरं त्यानं चित्रासारखी उतरवली होती. मॅडमनी ब्रशनं धूळ झाडून वाचलं. आय, एन, एफ, ए, एन, टी, आणि पुढे दगड तुटलेला. दोन्ही एन उलटे कोरले होते, आरशात दिसावेत तसे.

"इन्फंट म्हणजे तान्हं बाळ," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वर गेला आणि लगेच खाली आला. "पण नोंदीत बाळ नाही. आणि पायदळाला इन्फंट्री म्हणतात, त्याची सुरुवातही अशीच. नवरा पलटणीत होता. तेच असणार. बाळ होतं असं मी पुराव्याशिवाय लिहू शकत नाही." त्यांनी तुकडा कापसात गुंडाळून गाडीत ठेवला.

त्या दुपारी माझं लक्ष कामात लागेना. बाळ होतं की नव्हतं, हे त्या पिवळ्या दगडाला माहीत होतं, आणि त्याचं तोंड मी बंद केलं होतं. जेवायच्या सुट्टीत मी रूथबाईच्या खोलीशी पाणी मागायला गेलो. तिनं चहाच ठेवला. खाटेवर बसलो होतो. समोर भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्या नवऱ्याचा फोटो. चहा देता देता ती म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही लई वाळलात. तवा केस काळेभोर होते."

मी विचारलं, "तवा म्हणजे?"

"तवा म्हंजे शाल घातली होती तुमाला. मी फाटकात उभी होते की."

"तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं मला?"

"व्हय. दाराशीच."

"मग बोलला नाहीत?"

"तुमचं तुम्ही बोलाल म्हणलं."

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं, पण मी बशी खाली ठेवली. मी तिला सगळं सांगितलं. उस्तादांनी कसं अडवलं, मी कसं ऐकलं नाही, सिमेंटनं दगड कसा सोलला. म्हणालो, "रूथबाई, त्या बाईचं सगळं लिहिलेलं माझ्यामुळं गेलं. आता कुणालाच कळणार नाही काय होतं ते."

"गेलं कुठं?" ती म्हणाली. "मला पाठ हाय."

मला वाटलं, ती माझी समजूत काढतेय. ती चूल आवरत सांगू लागली. लहानपणी वडील तिला कब्रस्तानात शेळ्या आत येऊ नयेत म्हणून बसवायचे. दिवसभर करायचं काय? मिशनच्या शाळेत नुकतंच इंग्रजी सुरू झालेलं. ती त्या पिवळ्या दगडासमोर बसायची, बोट अक्षरांत घालून फिरवायची आणि फरशीवर कोळशानं उतरवायची. बाकीचे सगळे दगड काळे, खडबडीत, फक्त याचीच अक्षरं बोटाला गुळगुळीत लागायची. चौथीत शाळा सुटली, पण त्या नऊ ओळी राहिल्या. "अर्थ नाय ठाऊक मला," ती म्हणाली. "नुसती अक्षरं. झोप लागत नसली की अजून म्हणते. वडलांची याद येती."

मी खिशातली डायरी काढली. रूथबाई खाटेच्या कडेला ताठ बसली, शाळेतल्या मुलीसारखी, आणि डोळे मिटून म्हणू लागली. एस, ए, सी, आर, ई, डी. थांबली. बोट हवेत खाली आणलं, म्हणजे ओळ बदलली. मी उतरवून घेत होतो. मला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. तिसऱ्या ओळीत हॅरिएट आलं. वहीतलं नाव मी तिच्याजवळ काढलं नव्हतं. सहाव्या ओळीत वय आलं, एकोणीस. सातवी ओळ ती म्हणू लागली आणि मी लिहिता लिहिता वाचत गेलो. आणि त्यांची तान्ही मुलगी. आठवी ओळ, जी चार दिवस जगली. नववी, दोघी इथं आहेत.

मी पेन खाली ठेवलं.

"काय लिवलंय?" रूथबाईनं विचारलं.

मी तिला मराठीत सांगितलं, एकेक ओळ. ती ऐकत होती. चार दिवस म्हटल्यावर तिनं मला थांबवलं.

"चारच? म्हंजे पाचवीसुदीक नाय पाह्यली लेकरानं."

तिनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "साठ वर्षं म्हणते मी हे. पोरीचं हाय ते मला ठावं नव्हतं." आणि जरा वेळानं, "नाव काय तिचं?"

"नाव नाही लिहिलेलं."

"ठेवलंच नसंल," ती म्हणाली. "बाप्तिस्मा झाला नाय तर वहीत तरी कोण घेणार." पदरानं तोंड पुसून ती उठली आणि माझा गार झालेला चहा परत चुलीवर ठेवला.

म्हणजे मुलीची नोंद बहुधा त्या एका दगडावरच होती. तो गेल्यावर ती फक्त या बाईच्या तोंडात राहिली होती, आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मी उठून सरळ मॅडमकडे गेलो. त्या जोत्यावर लॅपटॉप ठेवून काहीतरी लिहीत होत्या. डायरी पुढे करण्याआधी मी म्हणालो, "मॅडम, हे सिमेंट माझ्या हातचं आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होतं."

"मी तीन आठवडे याच्यामागे फिरतेय काका. तुमच्यासमोर. नमुने पाठवले, फायली काढल्या. तुम्ही एकदा तरी—"

"लाज वाटली," मी म्हणालो.

त्यांनी लॅपटॉप बंद केला. "आज तुम्ही घरी जा," म्हणाल्या. मी डायरी जोत्यावर ठेवली, सातव्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं, रूथबाईचं नाव सांगितलं आणि निघालो. रफिकभाई हातातलं काम टाकून फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला.

दुसऱ्या दिवशी मी घरीच बसून राहिलो. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बोललात. आता नाही बोलावलं तर नाही बोलावलं." दुपारी फोन आला. मॅडम म्हणाल्या, "काका, या. तुम्ही समोर असायला पाहिजे."

मी पोचलो तेव्हा त्या रूथबाईच्या ओसरीवर बसल्या होत्या. रफिकभाईही होता. मॅडमनी रूथबाईला नऊच्या नऊ ओळी दोनदा म्हणायला लावल्या होत्या, दोन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. तरी त्यांचं मन घेत नव्हतं. आठवणीचा भरवसा किती धरायचा, असं त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी रूथबाईला विचारलं, "मावशी, लिहून दाखवता? जसं दगडावर होतं तसं?"

रूथबाईनं चुलीतला कोळसा आणला. ओसरीच्या फरशीवर बसली. एकदा सुरू झाल्यावर हात सरळ चालला. पहिला एन आला तशी ती थांबली. वर बघून जरा संकोचून म्हणाली, "बाई, यात येक चूक हाय. दगडावर समदे एन उलटे होते. मी तसेच शिकले. शाळेत बाईंनी हातावर छडी मारली, तरी माझा एन उलटाच यायचा. कसा लिवू?"

तो सरावाचा तुकडा रूथबाईनं बघितला नव्हता. तो सापडल्यापासून मॅडमच्या गाडीत होता, त्यावरचे एन तिला कुणी सांगितले नव्हते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नाही, अशी मी मान हलवली.

"होता तसा लिहा, मावशी," मॅडम म्हणाल्या.

रूथबाईनं उलटा एन काढला. मॅडम उठल्या, गाडीतून कापसात गुंडाळलेला तुकडा आणला आणि फरशीवर त्या अक्षरांशेजारी ठेवला. रूथबाई वाकून बघत राहिली. मग तिनं हात साडीला पुसला आणि तर्जनी त्या दगडातल्या एनमध्ये घातली. तिरप्या रेघेवरून बोट फिरवलं. "हेच," म्हणाली. "ह्योच हात."

अहवालात मॅडमनी लेख पूर्ण छापला. खाली लिहिलं, राखणदारीण रूथबाई यांच्या तोंडून, सरावाच्या दगडावरून पडताळून. नुकसानीच्या कारणांचं पान त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात 'पूर्वीच्या दुरुस्तीत वापरलेलं सिमेंट' असं होतं. मी म्हणालो, "माझं नाव घाला." त्या म्हणाल्या, तशी पद्धत नाही. मी म्हणालो, "मॅडम, शाल घातली तेव्हा पेपरात नाव आलं होतं." त्यांनी पेन काढून नाव घातलं. पुढे एक वाक्य स्वतःहून वाढवलं, की सदर मिस्त्रींनीच ही माहिती दिली आणि आताच्या चुन्याच्या कामावर देखरेख केली. ते वाक्य मी मागितलं नव्हतं. मिळालं, आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पिवळ्या दगडावर पुन्हा कोरायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. जुन्यावर नवं चढवलं की जुनं खोटं होतं. म्हणून तो कोरा दगड तसाच ठेवला आणि पायथ्याशी काळ्या पाषाणाची एक छोटी पाटी बसवायची ठरली. वर इंग्रजी, खाली मराठी. रफिकभाईनं दगड घेतला, आखणी केली आणि छन्नी हातात धरून विचारलं, "एन सीधा करू या उलटा?"

मॅडम म्हणाल्या, सरावाचा तुकडा चर्चमध्ये नीट ठेवलाय, पाटी वाचता आली पाहिजे, सरळ करा. रूथबाई बाजूलाच उभी होती. "सरळच करा," ती म्हणाली. "आणखी कुणा पोरीनं मार खायला नको."

चुना आम्ही जुन्या पद्धतीनं केला. घाणी आता राहिली नाही, म्हणून लोखंडी यंत्रात मळला, पण मुरवला पुरेसा. बोटावर घेऊन चोळला. "हौ," रफिकभाई म्हणाला, अगदी त्याच्या वडिलांच्या आवाजात. मग दरजा भरायला घेतल्या. थापीचं टोक ओढून रेघ काढायची माझी सवय. या वेळी हात तिथं आला की मी थांबवत होतो. दोन-तीनदा विसरलो आणि पुसून टाकली.

नवा चुना उन्हानं लवकर वाळू द्यायचा नसतो. तीन आठवडे ओलं गोणपाट पांघरून ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. मजुरांवर सोडवेना म्हणून मी रोज सकाळी जात होतो. रूथबाई बादली भरून ठेवायची.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून गोणपाट काढलं. दरजा पांढुरक्या, घट्ट आणि कोरड्या होत्या. कबरीचा तो कोरा पिवळा दगड आणि त्याच्या पायाशी नवी काळी पाटी. रूथबाईनं पाटीवरचं मराठी वाचलं, मोठ्यानं, सावकाश. वाचून झाल्यावर विचारलं, "किती वर्षं टिकंल हे?"

"चुना आहे," मी म्हणालो. "टिकेल. काळजी नको."

"मागल्या टायमाला बी असंच म्हणला होता तुम्ही."

"व्हय," मी म्हणालो. "म्हणलो होतो."

तिनं गोणपाटाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि बादली उचलून खोलीकडे गेली. आता दर पावसाळा संपला की मी तिथं जाऊन दरजा बघून येतो. दोनदा जाऊन आलो. अजून तरी ठीक आहेत.